नाव बदलून सांगितलेली गोष्ट

ताणतणावावर बोलायला प्रीतीला खापरखेड्याच्या कॉलनीत बोलावलं ते तिच्या मोठ्या भावानं, संघपालनं. तो वीज केंद्रात कंट्रोल रूमला. बहीण नागपूरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, हे त्यानं अख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलेलं.

आधी शरीर घाबरतं, मग मनाला कळतं की आपण घाबरलो, असा एक सिद्धांत आहे. प्रीतीनं तो फळ्यावर बाण काढून समजावला. सभागृह पेंगत होतं. मॅडमचा जीव कासावीस झाला; टाळ्यांची सवय वाईट. तिनं एक उदाहरण काढलं.

"बँकेतले एक गृहस्थ आहेत. देशपांडे म्हणू. रोज कामावर निघायच्या आधी त्यांच्या छातीत धडधडतं. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडतात आणि रडून घेतात."

लोक जागे झाले. हे तिला संघपालनं सांगितलं होतं, एकदाच, मान खाली घालून. तिनं नाव बदललं, नोकरी बदलली, जातसुद्धा बदलली, आणि आपण फार जपून वागलो असं तिला वाटलं. नळ तेवढा तसाच ठेवला. क्वार्टरमध्ये वरच्या-खालच्या घरांना एकच पाइप असतो, हे तिथं कधी न राहिलेल्या बाईला कुठून सुचणार!

संघपालच्या खाली राहणारा रुपराव पहिल्या रांगेत होता. मांडीवर थाप मारून तो ओरडला, "म्हणून सकाळी आमच्या नळाची धार बारीक होऊन राहिली काय गा, संघपाल!"

सगळे हसले. प्रीतीचे कान तापले. शरीर आधी की मन आधी, हे बघायला सवडच मिळाली नाही. आपण भावाला भर सभेत उघडं पाडलं, तेही चार माणसं जागी राहावीत म्हणून. तिला स्वतःची किळस आली.

आभार मानायचं काम संघपालकडेच होतं. त्यानं कॉलनीच्या मंडळाचे मानले, चहावाल्याचे मानले. "अन् रुपरावभाऊ, आमच्या नळाचं वॉशर गेलं आहे. उद्या बदलतो." पुन्हा हशा. बोलताना त्यानं प्रीतीकडे एकदाही पाहिलं नाही. ते फक्त तिला दिसलं.

बसपर्यंत सोडायला तो आला.

"दादा, माफ कर. चुकलं माझं."

"असू दे वं. तुहं कामच आहे ते."

"रविवारी येते. निवांत बोलू."

बस आली. त्यानं तिची पिशवी वर दिली.

"ये न. वहिनीच्या हातचं जेवून जा," तो म्हणाला. "पण मले आता काही विचारू नोको."