जेवणाच्या वेळी तुटणारी लाइन

मी एक जुना मॉडेम आहे. माझ्या पाठीवरचा कंपनीचा शिक्का पुसला गेला आहे, पोटातली एक तार सैल झाली आहे आणि पुढचे लाल दिवे आता लागत नाहीत. सध्या माझा मुक्काम एका चष्म्याच्या दुकानदाराच्या घरी, कपाटाच्या खालच्या खणात, बुटांच्या रिकाम्या खोक्यात आहे. शेजारी एक बिघडलेली इस्त्री असते. तिचे आणि माझे फारसे जमत नाही, पण भांडावे असेही काही नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेले नसेल. तुमच्या घरी इंटरनेट कायम असते. आमच्या काळी ते फोन करून बोलवावे लागे. संगणकाला आकडे समजतात आणि फोनच्या तारेला आवाज समजतो. दोघांच्या मध्ये बसून आकड्यांचा आवाज करायचा आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे, हे माझे काम. पलीकडे, इंटरनेट देणाऱ्या कंपनीत, माझेच भाऊबंद रांगेने बसलेले असत. मी फोन लावला की त्यांच्यातला एखादा मोकळा भाऊ तो उचलायचा. मग आम्ही मोठमोठ्याने एकमेकांची चौकशी करायचो, की बाबा रे, तुला किती वेग झेपेल आणि मला किती. ते किर्र-खर्र ऐकून माणसे कानांवर हात ठेवत. मला ‘किंचाळणारा डबा’ म्हणत. मला वाईट वाटायचे, पण सांगणार कोणाला?

या घरात मला आणले ते दुकानदाराच्या मुलीसाठी, छकुलीसाठी. नाव छकुली असले तरी ती चांगली चोवीस वर्षांची होती. घरात एकदा पडलेले नाव कोण बदलणार! छकुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती नकाशे काढायला शिकली आणि दूरच्या मोठ्या शहरात, नकाशे तयार करणाऱ्या एका कचेरीत तिला नोकरी लागली. बाबांची छाती फुगली. आईने मात्र तिचे सामान भरले, उपसले आणि पुन्हा सावकाश भरले. मुलीने जाऊ नये असे तिला वाटत होते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होते.

प्रश्न असा पडला की तिच्याशी बोलायचे कसे? फोन असून नसल्यासारखा, आणि पत्राला आठवडा लागायचा. छकुलीनेच जाण्याआधी तोड काढली. कचेरी सुटल्यावर तासभर तिला तिथल्या संगणकावर बसायची परवानगी होती. त्या तासात इकडे बाबांनी बसायचे आणि दोघांनी टाइप करून गप्पा मारायच्या. म्हणून बाबांनी दुकानातला संगणक घरी आणला आणि सोबत मी आलो.

मला जोडण्याचे काम मामाने अंगावर घेतले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याला सगळ्यातले थोडेथोडे कळते आणि बोलता मात्र पुष्कळ येते. संगणकाच्याच टेबलावर, दाराकडच्या टोकाला मला जागा मिळाली, पण संगणकाची पिन जिथे लावली होती त्या खिडकीपाशीच्या विजेच्या बोर्डापर्यंत माझी वायर पोचेना. तेव्हा मामाने दाराजवळच्या दिव्याच्या बटणावरूनच माझ्यासाठी एक जोड काढला.

“बघा दाजी,” तो म्हणाला, “दिवा लावला की मॉडेम चालू, दिवा घालवला की बंद. विसरायचं कामच नाही.”

सगळ्यांना ही युक्ती फार पसंत पडली. मलाही पडली होती, हे कबूल केले पाहिजे.

मग संगणकाने पत्ता विचारला. मामाने इमानदारीत घर क्रमांक टाकला, मग मजला टाकला आणि उरलेल्या चौकटींत काय भरायचे म्हणून आईला हाक मारली. मित्रांनो, हा पत्ता टपालाचा नसतो. इंटरनेटवर आलेल्या प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता लागतो आणि फोन लागला की कंपनीच तो देते. आपण फक्त ‘आपोआप’ यावर खूण करायची असते. कंपनीचा फोन नंबर, आपले नाव आणि परवलीचा शब्द एवढे दिले की झाले. हे मामाला दुसऱ्या दिवशी कळले आणि त्याने ते सगळ्यांना असे समजावले, जणू पहिल्यापासून त्याला माहीत होते.

कंपनीही मामानेच निवडली. जिची जाहिरात सगळ्यात मोठी, ती. सकाळी करून पाहिले तेव्हा फोन झटकन लागला. संध्याकाळी छकुलीच्या वेळेला मात्र व्यस्त, पुन्हा व्यस्त, पुन्हा व्यस्त. गिऱ्हाईके ढीगभर आणि माझे भाऊबंद मूठभर, असा तिथला कारभार होता. बाबा त्या कचेरीत जाऊन आले.

“लाइनी भरपूर आहेत हो,” तिथला माणूस म्हणाला.

“भरपूर म्हणजे किती?” बाबांनी विचारले.

“भरपूर म्हणजे... पुष्कळ.”

बाबांनी कंपनी बदलली. दुसरीकडे फोन लागायचा, पण अक्षरे मुंगीच्या पावलांनी यायची, आणि मदतीच्या नंबरावर नुसते संगीत वाजत राहायचे. तरी छकुलीशी बोलणे सुरू झाले. दोघे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. बाबा दोन बोटांनी टाइप करत आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून आईला ऐकवत. आई पोळ्या लाटता लाटता ओरडून सांगे, “तिला विचारा, डोकं दुखायचं थांबलं का?” मी चालू असताना फोनला कोणी हात लावायचा नाही, हा नियम आईने इतका कसोशीने पाळला की ती फोनवरची धूळसुद्धा पुसायची नाही.

आणि तरीही बोलणे मध्येच तुटायचे. रोज, जेवणाच्या वेळी.

आता ते का तुटायचे हे तुम्हाला सांगतो. त्या घरात कोणाला हाक मारायची तर खोलीच्या दाराशी येऊन दिव्याचे बटण दोनदा खाली-वर करायचे, ही वीस-बावीस वर्षांची पद्धत होती. छकुलीला ऐकू येत नसे, पण दिवा लुकलुकला की ती वळून बघे. हळूहळू सगळेच एकमेकांना तसे बोलावू लागले. छकुली गेल्यावर बाबांना तशी हाक मारायची काही गरज नव्हती, त्यांचे कान ठणठणीत होते. पण ताटे वाढली की आईचा हात बटणाकडे जायचाच. तेवढ्या वेळापुरती छकुली घरात असल्यासारखे तिला वाटत असावे. त्या बटणाला मी जोडलेला होतो. दिवा लुकलुकला की माझा जीव जायचा आणि लगेच परत यायचा. माणसाचे ठीक आहे, डोळा मिटून उघडला की जग तिथेच असते. माझे तसे नाही. एकदा माझी वीज गेली की पलीकडचा भाऊ फोन ठेवून देतो.

बाबा लिहीत असायचे, ‘आई जेवायला बोलावते, दोन मिनिटांत येतो.’ ते वाक्य कधीच पोचायचे नाही. हात धुऊन येईपर्यंत पडद्यावर ‘संपर्क तुटला’ असे यायचे. पुन्हा फोन लावावा तर व्यस्त. तोवर तिकडे कचेरीला कुलूप लागायचे.

“परत तोडलं बघ यांनी,” बाबा म्हणायचे. ‘यांनी’ म्हणजे कंपनीने.

मला सगळे कळत होते. दिवा गेला की मी गेलो, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार? पण मला फक्त किर्र-खर्र येते. त्या दिवसांत मी स्वतःवर फार चिडलेलो असायचो.

तिसरी कंपनी म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक बाई. फोन ती स्वतः उचलायची. ती म्हणाली, “आधी पैसे देऊ नका. तुम्हाला ज्या वेळेला बोलायचं असतं, त्या वेळेला साध्या फोनवरून आमचा नंबर फिरवून बघा. शिट्टी ऐकू आली तर लाइन मोकळी आहे, व्यस्त लागला तर आमच्याकडे येऊ नका.” बाबांनी बरेच दिवस फिरवून पाहिले. रोज शिट्टी ऐकू आली. कंपनी अशीच निवडावी, मित्रांनो. जाहिरातीचा आकार बघू नये.

पण लाइन तुटायची ती तुटायचीच. बाबांनी बाईला फोन केला.

“कधी तुटतं?” तिने विचारले.

“जेवणाच्या वेळी.”

“मग ते तुमच्या घरात काहीतरी आहे. माझ्याकडे कोणी जेवणाची वेळ बघून लाइन तोडत नाही.”

बाबांना हे झोंबले. “सगळ्या सारख्याच,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिला काळजी नको म्हणून बाबा कंपन्यांचे रडगाणे तिला लिहीत नसत, त्यामुळे तिकडे छकुलीला यातले काहीच माहीत नव्हते. तिला एवढेच दिसायचे की आपण कामातली एखादी अडचण सांगायला लागलो, कधी जरा मनातले लिहायला लागलो, की घरचे माणूस उठून जाते. एकदा नाही, रोज. नव्या शहरात तिची ओळख फारशी कोणाशी झाली नव्हती. कचेरीतले लोक घोळक्याने बोलत आणि हसत, आणि ती ओठ वाचेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. दिवसभरात तिचे हक्काचे असे ते एकच बोलणे होते. ती कमी लिहू लागली. मग एक दिवस सगळे सामान घेऊनच घरी आली. नोकरी सोडायची की नाही हे तिला सोमवारपर्यंत कचेरीला कळवायचे होते.

सामान बघून आईचा चेहरा उजळला. बाबांचा पडला. दोघांनीही तिला काही विचारले नाही.

रविवारी संध्याकाळी छकुली संगणकासमोर बसली. तिने मला चालू केले आणि माझ्या पाठीवर तळहात ठेवला. मी किंचाळत असताना माझे अंग थरथरते. थरथर थांबली की लाइन लागली, हे ती तेवढ्यावरून ओळखायची. ज्याला माझा आवाज नकोसा वाटला नाही असे माणूस मला तिच्या रूपाने पहिल्यांदाच भेटले. लाइन लागली. एका हाताने तिने कचेरीला लिहायला घेतले. नोकरी सोडत असल्याचे ती लिहीत होती, आणि मी वाट बघत होतो की ती कधी पाठवते आणि मला ते पोचवावे लागते.

तिने पाठवायची खूण केली, आणि दारात आईने दिवा दोनदा लुकलुकवला.

मी मेलो आणि जिवंत झालो. निरोप जागीच राहिला. छकुलीने सवयीने वळून आईकडे बघितले, मग पडद्याकडे बघितले. तिचा हात अजून माझ्या पाठीवर होता. तिने उठून बटण पुन्हा खाली-वर केले आणि माझे दिवे जाताना-येताना नीट पाहिले.

“रोज?” तिने विचारले. ती तोंडाने थोडे आणि हातांनी बरेच बोलते.

“काय रोज?” आई म्हणाली.

“हे. मी तिकडे असताना. रोज?”

“रोजच. ताटं वाढली की. सवय गं, सुटत नाही.”

छकुली खाली बसली. “मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा येतो.”

“कंटाळा?” बाबा आतून आले. त्यांना अजून काही कळले नव्हते. “अगं, तीन कंपन्यांशी भांडून घसा बसला माझा.”

आईला मात्र कळले होते. ती बटणाकडे बघत राहिली. “म्हणजे मीच तोडत होते,” ती म्हणाली.

पडद्यावर छकुलीचा निरोप तसाच होता. आईला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण तिने वाकून तो पुरता वाचला. मला भीती वाटली. तिने गप्प राहायचे ठरवले असते, तर जेवून झाल्यावर पुन्हा लाइन लागली असती, निरोप गेला असता आणि मुलगी कायमची घरी राहिली असती. तिला तेच तर हवे होते. आईने माझी पिन त्या जोडातून उपटली. आतून लांब वायरचा बोर्ड आणला, तो खिडकीपाशी संगणकाच्या पिनेशेजारी लावला आणि मला त्यात बसवले. मग दाराशी जाऊन दिवा लुकलुकवला. माझे दिवे तसेच राहिले.

“आता बघ,” ती छकुलीला म्हणाली. “आता नाही तुटायचं. लिहिलंयस ते पाठवायचं का, ते तू ठरव.”

छकुलीने तो निरोप पुसला. सोमवारी ती परत गेली.

त्यानंतर मी बरीच वर्षे काम केले. मग जलद इंटरनेट आले, आवाज न करणारा पांढरा डबा आला, आणि माझी रवानगी खोक्यात झाली. त्याचे मला दुःख आहे, खोटे कशाला बोलू? निदान वर्षातून एकदा कोणी धूळ पुसावी एवढी अपेक्षा आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी पडून असेल तर त्याची वायर गुंडाळताना करकचून आवळू नका, आतली तार तुटते. आणि कोणाशी बोलणे मध्येच तुटले, तर ते माणूस उठून गेले असे लगेच धरून चालू नका. आधी आपल्या बाजूची वायर बघा.

छकुली पोचल्यानंतरची पहिली संध्याकाळ सांगायची राहिली. त्या दिवशी खुर्चीत बाबा नव्हते, आई बसली होती. ती आयुष्यात पहिल्यांदा टाइप करत होती. एकेक अक्षर शोधायची, बोट दाबायची, चुकले की बाबांना विचारायची. बाबा मागे उभे होते, आणि जेवायचे कोणी नावही काढत नव्हते. पुष्कळ वेळाने वाक्य तयार झाले. ‘तू तिकडे आहेस ते मला आवडत नाही. पण तू परत येऊ नकोस.’

आईने ते पाठवले आणि मी क्षणात पोचवले. तिकडून बराच वेळ काही आले नाही. आई पडद्याकडे बघत बसून राहिली, आणि मी लाइन धरून ठेवली.