भिंगाला न दिसलेली गाठ

मित्रांनो, कातडीच्या डॉक्टरांकडे जायची वेळ तुमच्यावर येऊ नये. पण आलीच, तर त्यांच्या टेबलाचा दुसरा खण जरा निरखून बघा. वरच्या खणात रोजच्या कामाच्या वस्तू असतात, दुसऱ्यात अडगळ. तिथे, सुकलेली पेनं आणि जुना रबरी शिक्का यांच्यामध्ये पितळी मुठीचं एक भिंग पडलेलं आहे. ते मी. आधीच कबूल करतो, मी पक्का जळकुकडा आहे. तेवढं सांभाळून घ्या.

एका म्हाताऱ्या कारागिरानं माझी काच ओल्या भुकटीवर घासून घासून घडवली. माझ्यातून त्यानं स्वतःच्या तळहाताच्या रेषा पाहिल्या, समाधानानं मान हलवली आणि मला दुकानात पाठवलं. थोरल्या डॉक्टरांनी मला विकत घेतलं ते दवाखाना उघडायच्या आदल्या दिवशी. त्यानंतर एकतीस वर्षं त्यांच्या पांढऱ्या कोटाचा डावा खिसा हेच माझं घर होतं.

ते दिवस काय सांगू! अंगावर गाठ दिसली की माणसाच्या तोंडचं पाणी पळतं, मग ती गाठ कसलीही असो. एका मुलीच्या गालात खड्यासारखी टणक गाठ होती. कातडी ताणली की तिचे कोपरे दिसायचे. एका पोस्टमनच्या पोटरीवरची तपकिरी गाठ चिमटीत धरली की वर यायच्या ऐवजी आत जायची, गालाला खळी पडावी तशी. अशा गाठी क्वचितच बघायला मिळतात. डॉक्टर मला खिशातून काढत, डोळ्याशी धरत आणि म्हणत, साधी गाठ आहे, जिवावरची नाही. त्या मुलीचे वडील तिथंच खुर्चीत बसून रडले होते. जाताना लोक म्हणत, डॉक्टरांच्या भिंगातून काही सुटत नाही. मी खिशात फुगून बसायचो.

पुढे डॉक्टरांची नजर अधू झाली आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी बसली. तीही कातडीचीच डॉक्टर, हुशार आणि मनमिळाऊ. पण येताना ती त्याला, कातडी मोठी करून दाखवणाऱ्या नव्या यंत्राला, घेऊन आली. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, ते मी घेत नाही. मी त्याला दिवेवाला म्हणतो. त्याच्या अंगात स्वतःचे दिवे. त्यानं पाहिलेला तीळ पडद्यावर ताटाएवढा दिसायचा. लहान मुलं त्याला हात लावायला मागायची. मला एकतीस वर्षांत कुणी असं मागितलं नव्हतं. त्याला रोज मऊ कापडानं पुसायचे, रोज विजेची जोडणी करून द्यायचे, आणि इकडे दुसऱ्या खणात माझ्या काचेवर धूळ साचत होती. खण जरासा उघडा राहिला की मला तो टेबलावर ऐटीत बसलेला दिसायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. एकदा तरी याची फजिती व्हावी, एवढंच मी मागत होतो.

आणि तसं झालं. एक शिलाईवाल्या काकू आल्या. सहा वर्षं त्यांचा उजवा अंगठा दुखत होता. गार पाण्याचा थेंब पडला की कळ थेट खांद्यापर्यंत जायची. बाहेरून अंगठा धडधाकट, एक्स-रे स्वच्छ. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. घरी सून म्हणायची, कामाचा ढीग दिसला की यांचा अंगठा दुखतो. काकूंनी हात टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, अंगठाच काढून टाका. मी नऊ बोटांनी शिवेन."

धाकट्या डॉक्टरांनी दिवेवाला लावला. वरून पाहिलं, कडेनं पाहिलं, तेल लावून पाहिलं. काही दिसेना. मी खणात आनंदानं नाचायचाच बाकी होतो. मनाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायला त्यांनी कागद ओढला, तेव्हा मला वाटलं, लिहा, खुशाल लिहा, म्हणजे याची लायकी जगाला कळेल. मित्रांनो, त्या क्षणी काकूंचं काय होईल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

पण पेन थांबलं. खण उघडला. धाकट्या डॉक्टरांनी मला काढलं, कोटाच्या बाहीला पुसलं आणि नखावर धरलं. अखेर माझी पाळी आली होती! मी होती नव्हती तेवढी ताकद लावली. नखाच्या उभ्या रेषा दिसल्या, बोटावरच्या सुईच्या जुन्या खुणा दिसल्या. बाकी काहीच नाही. मलाही नाही.

त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या वडिलांना हाक मारली. थोरले डॉक्टर चाचपडत आले. त्यांनी ना मला मागितलं, ना दिवेवाल्याला. काकूंच्या समोर बसून त्यांनी विचारलं, "ताई, दुखतं कुठे? एका बोटानं दाखवा."

काकूंनी नखाचं मूळ दाखवलं. डॉक्टरांनी कागदांतली एक टाचणी उपसली आणि तिच्या बोथट डोक्यानं नखावर जागा बदलत हलकेच दाबत गेले. इथे नाही, इथेही नाही. एका जागी काकू ताडकन उभ्या राहिल्या. तिथून तिळभर बाजूला दाबलं, तर काहीच नाही. मग त्यांनी काकूंचा हात उंच धरायला लावला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा करकचून फुगवला आणि पुन्हा तीच जागा दाबली. "आता नाही दुखत," काकू चकित होऊन म्हणाल्या. पट्ट्यातली हवा सोडली आणि कळ परत आली. थोरल्या डॉक्टरांनी सांगितलं, नखाखाली बारीक रक्तवाहिन्यांची मसुराएवढी गाठ आहे, तिला गारवा सोसत नाही. क्वचित होते, पण साधी आहे, आणि काढता येते.

"बाबा, मी हे विचारलंच नाही," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या. चिठ्ठीचा कागद त्यांनी फाडून टाकला.

मी टेबलावर उताणा पडून हे सगळं पाहत होतो, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. एकतीस वर्षं डॉक्टर आधी विचारत होते, बोटांनी चाचपत होते, कातडी ताणून पाहत होते. गाठ ओळखून झाल्यावर, फक्त खात्रीसाठी, ते मला बाहेर काढत. तोवर मी खिशात असायचो. मग आधीचं मला दिसणार कुठून? ज्या मानासाठी मी जळत होतो, तो माझा नव्हताच.

स्कॅनमध्ये गाठ त्याच जागी सापडली. धाकट्या डॉक्टरांनी अंगठा बधिर करून नख उचललं, लालसर गाठ अलगद काढली आणि नख परत बसवलं. तपासणीचा अहवाल आला, गाठ साधी होती. तीन महिन्यांनी काकू आल्या त्या बेसिनच्या गार पाण्याखाली बराच वेळ हात धरून उभ्या राहिल्या. त्यांनी एक मखमली उशी शिवून आणली होती. कुणासाठी? टाचणीसाठी! तिला आता वरच्या खणात जागा आहे, आणि मी नव्यानं जळतो आहे. स्वभावाला औषध नाही.

मित्रांनो, मागायचं एवढंच. घरातल्या जुन्या भिंगाला अधूनमधून पुसत जा, पण ते हातात घेण्याआधी समोरच्या माणसाला विचारा, दुखतं कुठे. आणि त्याचं खरं माना.

त्या दिवशी जाताना काकूंनी मला हातात घ्यायला मागितलं. मला अंगठ्यावर धरून त्या नवं नख बराच वेळ पाहत राहिल्या. "काही दिसत नाही हो," त्या हसून म्हणाल्या. मलाही काही दिसलं नाही, आणि या वेळी त्याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.