गाण्यांतून काढलेला कचरा

दादांचं दुकान चष्म्याचं होतं, पण जीव अडकला होता कॅसेटींत. दुकानात गिऱ्हाइकाने चार वेळा फ्रेम बदलली तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटायची नाही. घरी मात्र वेगळाच अवतार. संध्याकाळी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडून बसायचे आणि आवडीचं गाणं लागलं की खटकन बटण दाबायचे. मधे तारबीर काही नाही, रेडिओच्या तोंडासमोर टेपरेकॉर्डरचं तोंड. मग गाणं संपेपर्यंत घरादाराच्या तोंडाला कुलूप. आई, दोघी बहिणी आणि पुढे लग्न होऊन आलेल्या वहिनी, सगळ्या चवड्यांवर चालायच्या.

तरी आवाज व्हायचेच. कुठे दार वाजायचं, कुठे कोणी शिंकायचं. प्रत्येक कॅसेटला काही ना काही गालबोट होतं आणि गुन्हेगार कोण ते दादांना तोंडपाठ होतं. पाहुण्यांना कौतुकाने गाणं ऐकवताना ते मधेच सांगायचे, "आता ऐका हं, हे धाकटीने नासवलं."

बहिणी आपापल्या घरी गेल्या, आई गेली, दुकान विकलं. गुडघ्यांना जिने झेपेनात, म्हणून दादा आणि वहिनींनी तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर घेतलं. वहिनींनी नव्या घराची मापं घेतली आणि येऊन सांगितलं, "कॅसेटींचं कपाट तरी येईल, नाहीतर मी तरी. काय ते ठरवा."

दादांनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ लावला. शेवटी लेकच मधे पडली. ती आवाजाच्या स्टुडिओत कामाला होती, जाहिरातींतले आवाज साफसूफ करायची. "बाबा, मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून देते. वर साफही करून देते."

"साफ म्हणजे?"

"खरखर, भांडी, कोणी बोललेलं, सगळं काढून टाकायचं. नुसतं गाणं उरेल."

"धाकटीचं हसणंसुद्धा?"

"आत्याचं हसणंसुद्धा."

दादांचा चेहरा असा खुलला, की वहिनींनी त्याच दिवशी कपाटाला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली.

काम पुरं व्हायला बरेच आठवडे लागले. मग एका रविवारी लेकीने वडिलांच्या तळहातावर नखाएवढा पेनड्राइव्ह ठेवला.

"एवढंसंच?" दादा म्हणाले.

"आणि अजून अर्धा रिकामा आहे."

हे काही दादांना आवडलं नाही. पण गाणी लावली आणि ते हरखून गेले. नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा लख्ख आवाज. ओळीने पाच-सहा गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि लेकीची पाठ थोपटली.

चारेक दिवस बरे गेले. मग वहिनींच्या ध्यानात आलं, की गाणं चालू असताना दादा चुळबुळ करतात आणि मधेच मान वळवून स्वयंपाकघराकडे बघतात.

"कोणी येणार आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही गं. या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात तू ताट पाडतेस."

"मी?"

"दर वेळी. इतकी वर्षं न चुकता पाडलंस. आता पडतच नाही. गाणं येतं आणि सरळ निघून जातं."

लेकीला सांगायचं कोणत्या तोंडाने? तिने डोळे फोडून काम केलेलं. वहिनींनीच फोन उचलला. "अगं, तुझ्या वडिलांना माझं ताट परत हवंय."

पलीकडे लेक हसत सुटली. "मिळेल की! काढलेलं सगळं मी वेगळं ठेवलंय. त्या फाइलचं नावच मुळी 'कचरा' आहे."

पुढच्या रविवारी ती कचरा घेऊन आली. सामानाची बांधाबांध करायला दोघी आत्याही आल्या होत्या. बांधून झालेल्या खोक्यांवर सगळे बसले आणि लेकीने फाइल लावली.

गाणं नाहीच. मधूनमधून शांतता आणि तिच्यात तेव्हाचं घर. बादलीत पडणारं पाणी. दाराची कडी. मग ताट पडलं, ठणठणत गोल फिरलं आणि वहिनी उठून उभ्या राहिल्या. "हेच ते! लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता हो!" मागोमाग कोणीतरी तोंडावर हात दाबून फिसकन हसलं. मग अगदी जवळून, कुजबुजल्यासारखा एक आवाज आला. "ये, बस मांडीवर. गाणं ऐक. पण म्याव करू नकोस हं, तो रागावेल."

दादांची आई मांजराला सांगत होती.

थोरलीने पदर डोळ्यांना लावला. दादा काही बोलणार, तेवढ्यात स्पीकरमधून खोली दणाणली. "गप्प बसा म्हटलं ना!"

धाकटी खोक्यावरून पडता पडता वाचली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. "कोण आहे तिकडे? एक गाणं धड घेऊ द्याल?"

"बाबा, खरं सांगू?" लेक म्हणाली. "बाकीचे आवाज पटापट निघाले. सगळ्यात जास्त छळलं ते या एका आवाजाने. एकही कॅसेट याने सोडलेली नाही."

हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. दादा कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनाही हसू आवरेना. चष्मा काढून ते डोळे पुसत राहिले.

"मांजरालासुद्धा सांगून ठेवायची आई?" हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं.

"सगळ्यांनाच सांगायची," थोरली म्हणाली. "आम्हाला गंमत वाटायची रे. तुझं गाणं चालू असलं, की आम्ही आईला चिकटून बसायचो."

दादांनी आईचं ते एक वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. आणि लेकीला म्हणाले, "सगळं होतं तिथे परत घाल. माझं ओरडणं तेवढं वगळ."

"मुळीच नाही," वहिनी म्हणाल्या. "मग मी कोणाला घाबरून ताट पाडलं, ते कळणार कसं?"

पंधरवड्यात ते नव्या घरात गेले. कॅसेटी शेजारच्या चित्रकार बाईंनी नेल्या. त्या फितींतून त्या काहीतरी विणणार होत्या. गाणी लेकीने घरातल्या सगळ्यांच्या फोनवर धाडली, कचऱ्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटीचा बोलून पाठवलेला निरोप आला. ती फिसकन हसणारी आपण नव्हेच, ती ताई. इतकी वर्षं आपल्यावर उगाच आळ. चहा व्हायच्या आत थोरलीचा उलटा निरोप आला, त्याच्या दुप्पट लांब. मग पुन्हा धाकटीचा. दादा खिडकीशी खुर्ची ओढून बसले, आवाज मोठा केला आणि दोघींचं भांडण पहिल्यापासून लावलं.