हू म्हणजे फूल

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझी लाकडी चौकट एका कोपऱ्यात सुटली आहे. मी कधी शाळा पाहिली नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतून ईरम्माने मला थेट हातमागाच्या खोलीत आणले.

तिचे यजमान गुरुसिद्धप्पा लुगडी विणायचे आणि ती सूत गुंडाळून कांड्या भरायची. लुगड्याचा नवा काठ दोघे मिळून शोधायचे. दिवसभर ज्याने त्याने आपापल्या मनात शोधायचे आणि दिवेलागणीला माझ्यावर काढायचे, अशी त्यांची रीत होती. गुरुसिद्धप्पांना घाई फार. ईरम्माने रेघ ओढली की लगेच म्हणायचे, "ह्ये न्हाय जमायचं."

"अवं, पोर जन्मू द्या की! मग नावं ठिवा," ती हसून म्हणायची. पाटी भरेपर्यंत ती पुसू द्यायची नाही. वेडेवाकडे काहीही काढायची. त्यातलेच एखादे पुढे लुगड्यावर उतरायचे. तेव्हा माझे फार लाड होत असत.

मग एका उन्हाळ्यात ईरम्मा तापाने गेली. मी खुंटीवर टांगलेलीच राहिले. माझ्यावर धूळ बसली. गुरुसिद्धप्पा दोन वर्षे तोच जुना काठ विणत राहिले.

एक दिवस दुधनीचे व्यापारी शिवयोगी आले. म्हणाले, "गुरुसिद्धप्पा, ह्यो काठ बघून बाया तोंड फिरवत्यात. सोमवारपतुर नवा दावा. न्हायतर मला दुसरा माग बघावा लागंल." दुसरे गिऱ्हाईक नव्हते. हे काम गेले तर माग मोडून गिरणीत जावे लागणार होते.

गुरुसिद्धप्पांनी मला खाली काढले. एक रेघ ओढली, पुसली. दुसरी ओढली, पुसली. तीन दिवस असेच चालले. मित्रांनो, पुसले जाणे हा माझा धर्मच आहे. पण भरण्याआधीच पुसले जाण्याचे दुःख मला तेव्हा कळले.

शनिवारी ईरम्माची धाकटी बहीण नागम्मा अक्कलकोटाकडून आली. तिची बोली कानडी, मराठी मोडकी. तिने गुरुसिद्धप्पांच्या हातातले पुसायचे ओले फडके काढून घेतले आणि शेजारच्या केराबाईला हाक मारली. केराबाई धनगराची. लोकर कातत काततच आली.

"दाजी, तुमी फकस्त सांगा. मी काढते," नागम्मा म्हणाली.

"काय सांगू? डोस्कं रिकामं हाय."

"मग माज्या मेंढ्याची शिंगं काढ," केराबाई म्हणाली.

"आनि रेल्वेचं रूळ काढ, म्हंजे लुगडं कुर्डुवाडीला जाईल!" गुरुसिद्धप्पा वैतागून बोलले. नागम्माने शिंगे काढली आणि खरेच रूळही काढले. ते बघून त्यांना हसू आले. मग चिंचेचे पान आले, कोंबड्याचा तुरा आला. मी भरू लागले.

"अक्का, शिंगाच्या मदी काय काढू?" नागम्माने विचारले. केराबाईने तुटलेला धागा दातात धरला होता. ती नुसती "हूं" म्हणाली. नागम्माने फूल काढले.

"आगं, म्या कुटं फूल म्हनलं?"

"हू म्हनलं की! आमच्यात हू म्हंजे फूल."

"धागा तोंडात हुता, बये! म्या नुसता हुंकार दिला!"

गुरुसिद्धप्पांच्या ओठावर "ह्ये न्हाय" आले होते. पण ते त्या फुलाकडे बघत राहिले.

बाया गेल्यावर ते एकटे माझ्यापुढे बसले. आता त्यांनी नीट पारखले. रूळ सोडले, तुरा सोडला. वाकडी शिंगे मागावर उतरेनात, म्हणून त्यांच्या बारीक पायऱ्या केल्या. मधले फूल ठेवले. रविवारभर विणून वीतभर नमुना झाला.

सोमवारी शिवयोगींनी तो उन्हात नेऊन उलटसुलट पाहिला. "असलं कुटंच न्हाय बघितलं. लावा मागाला," ते म्हणाले.

ते जाताच गुरुसिद्धप्पा आत वळून मोठ्याने म्हणाले, "अगं, ऐकलंस का?"

आत कोणी नव्हते. मग मला काखेत मारून केराबाईच्या दाराशी गेले आणि सगळे तिला सांगितले.

मित्रांनो, मला खुशाल पुसा, पण आधी भरू द्या. आणि एकट्याने भरेना झाले, तर मला घेऊन शेजाऱ्याची कडी वाजवा.