या खांद्यावरून त्या खांद्यावर

"नुसती मान हलव. डावीकडे की उजवीकडे, एवढंच."

नवरा बाळाला भरवत होता, पण चमचा हवेतच थांबलेला. बाळ आ वासून बसलं होतं.

"मी काही बोलणार नाही."

"बोलू नकोसच. म्हणून तर म्हणतोय, मान हलव."

राष्ट्रीय फुटबॉल चषकाच्या सोडतीत त्याच्या लहानशा क्लबची गाठ एका बड्या क्लबशी पडली, तेव्हापासून हे चाललं होतं. नवरा गोलरक्षक. आणि त्या बड्या क्लबात माझा धाकटा भाऊ, ढब्बू. त्याचा अख्खा मोसम बाकावर बसण्यात गेला होता. त्याला ठेवायचं की नारळ द्यायचा, ते या सामन्यावर ठरवू, असं प्रशिक्षकाने त्याला तोंडावर सांगितलं होतं. हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. आईलासुद्धा नाही.

सामना पेनल्टीवर गेला तर ढब्बू कुठल्या बाजूला मारेल, हे नवऱ्याला हवं होतं. आणि ते ओळखता येत होतं एकट्या मला. ढब्बू घाबरला की जे मनात असतं तिकडे चुकूनही बघत नाही. लहानपणी बिस्किटं चोरायची असली की डबा सोडून सगळ्या घराकडे बघायचा. गॅरेजच्या शटरवर चेंडू मारतानाही तेच. ज्या कोपऱ्याकडे टक लावून बघेल, त्याच्या बरोबर उलटा कोपरा.

"तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

"आणि मी कोण, दूधवाला?"

मी बाळाचं तोंड पुसलं.

मैदानात आम्हाला गोलाच्या मागची जागा मिळाली होती, एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला स्कोअरबोर्ड. बाळाच्या डोक्यावर टोपी, त्यावर आवाज अडवणारे जाड हेडफोन. तरी मी सारखी त्याच्या कपाळाला हात लावून बघत होते. शेजारच्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो, त्याला काही होत नाही. ताप आलाच तर तुम्हाला येईल."

नव्वद मिनिटं बरोबरी, जादा वेळातही बरोबरी. पेनल्टी आमच्याच समोरच्या गोलावर. शेवटच्या फटक्याला ढब्बू निघाला. चुकला तर त्यांचा खेळ खलास.

मधल्या वर्तुळापासून तो चालत येत होता. मान आखडल्यासारखी, नजर गोलाच्या जिन्याकडच्या खांबावर. एकदाही दुसरीकडे वळली नाही. म्हणजे स्कोअरबोर्डच्या बाजूला मारणार होता.

नवरा दर फटक्याआधी आमच्याकडे वळायचा, बाळाला बघायचा आणि मग रेषेवर उभा राहायचा. आताही वळला. बाळ जिन्याकडच्या खांद्यावर झोपलं होतं, अगदी शांत. मी त्याला उचललं आणि स्कोअरबोर्डकडच्या खांद्यावर घेतलं.

त्याच क्षणी ढब्बूनेही मान वर करून माझ्याकडे बघितलं.

चेंडू स्कोअरबोर्डच्या बाजूला गेला. नवऱ्याने झेपही तिकडेच घेतली आणि तो अडवला.

भोवती सगळे उड्या मारत होते. मी बसून राहिले. बाळ दचकून रडायला लागलं, तेवढं एक बरं झालं. रडणाऱ्या पोराच्या आईकडे कोणी निरखून बघत नाही.

नंतर कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर दोघं मला एकदमच भेटले. नवऱ्याच्या गुडघ्यावर चिखल, चेहरा उजळलेला. ढब्बूचे केस ओले, डोळे लाल.

"काय मेव्हणे," नवरा त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "जरा जोरात तरी मारायचा."

"दाजी, तुम्ही दोन दिवस आधीच उडी मारून ठेवली होती." ढब्बू हसला, आणि त्याने बाळाला माझ्याकडून घेतलं. नवऱ्याने हातमोजे काढत माझ्याकडे बघून डोळा मारला.

मग ढब्बू हळूच म्हणाला, "ताई, मी शेवटपर्यंत डळमळत होतो. तुझ्याकडे बघितलं, तर तू याला त्या बाजूला घेतलंस. म्हटलं, ताई सांगतेय, मार तिकडेच. माझ्यासाठीच होतं ना ते?"

नवऱ्याचा दुसरा हातमोजा अर्धाच निघाला होता. तो तसाच थांबला.

हो म्हणाले असते तर भावाला बुडवलं ते मी, आणि नाही म्हणाले असते तरी मीच.

"कसलं रे," मी म्हणाले. "हात भरून आला होता. जड झालंय बाळ आता."

ढब्बूने बाळाला दोन्ही हातांत धरून जरासं वर-खाली केलं. वजन बघतात तसं.

"मला दुसरीत जाईपर्यंत कडेवर घेऊन फिरायचीस," तो म्हणाला. "तेव्हा नाही कधी भरला हात."

बाहेर त्यांच्या बसने हॉर्न दिला. त्याने बाळाची टोपी सारखी केली, ते माझ्याकडे दिलं आणि निघाला. मी त्याला हाक मारली. तो थांबला, पण वळून बघताना त्याची नजर दारावर गेली, भिंतीवर गेली, दाजींवर गेली. माझ्याकडे तेवढी आली नाही.