पिकलच्या खोलीचं दार

माझी लेक केया ऑस्टिनला कॉलेजात गेली आणि जाताना तिची कॅमेलिऑन माझ्या गळ्यात बांधून गेली. कॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा. ही मादी, नाव पिकल. मला साधी पाल दिसली तरी अंगावर काटा येतो, पण एकदा घेतलेली जबाबदारी मी टाकत नाही.

गेल्या आठवड्यात पिकलचं वागणं बिघडलं. सारखी फांदीवरून खाली उतरायची, पिंजऱ्याच्या तळाशी नखांनी खरडत बसायची. अंगावर पिवळे-निळे ठिपके उठले. खाण्याकडे ढुंकूनही बघेना. "बोअर झाली असेल यार," माझा नवरा देवदत्त म्हणाला. "माणसांत ठेव तिला." आम्ही पिंजरा हॉलमध्ये आणला. मी तासातासाला किडे घेऊन आग्रहाला हजर! कोणी जेवेना की त्याच्यासमोर जाऊन बसायचं, एवढंच आपल्याला कळतं. ती दिवसेंदिवस काळी पडत गेली.

शेवटी अशा प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाई म्हणाल्या, हिच्या पोटात अंडी आहेत. नर नसला तरी होतात. ओल्या वाळूची खोल बादली द्या आणि एकटं सोडा. खोदताना माणूस दिसलं तर ती काम अर्धवट टाकते, अंडी आत अडकतात आणि जीव जातो.

म्हणजे आम्ही तिला कौतुकानं मारायला निघालो होतो. मला स्वतःचा भयंकर संताप आला.

पिंजरा केयाच्या खोलीत नेला, बादली ठेवली, पडदे ओढले. शनिवारी सकाळी फटीतून पाहिलं तर बाईसाहेब वाळूत डोकं खुपसून खोदत होत्या. मी हलकेच दार लावलं. त्याच दिवशी आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि चाळीस माणसं येणार होती.

आमच्या टेक्सासातल्या फ्रिस्कोत वास्तुशांतीला आलेली माणसं आधी घर बघतात, मग देव. कपड्यांचं क्लोझेटसुद्धा सोडत नाहीत. पूजा आटोपताच मी पैठणीनिशी वर गेले आणि त्या दाराला खुर्ची लावून बसले.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेल्या माझ्या नणंदबाई, नीनाताई, सात-आठ जणांना घेऊन वर आल्या. "ऊठ गं सुनेत्रा, मंडळींना ही रूम बघायचीय."

"ही नाही दाखवणार. पिकल अंडी घालतेय."

"अगं, दोन मिनिटं! लांबून बघतील. एका सरड्यासाठी पाहुण्यांना अडवतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

कोणीतरी हसलं. गडबड ऐकून देवदत्त वर आला. "सुनेत्रा, सीन क्रिएट करू नकोस. पटकन दाखव आणि बंद कर." त्यानं माझ्या खांद्यावरून हँडलला हात घातला. मी त्याचा हात धरून बाजूला केला.

"केया झाली तेव्हा मला दूध उतरत नव्हतं," मी म्हणाले. "तिला पदराखाली घेऊन मी रडत होते, आणि समोर सोफ्यावर बाळ बघायला आलेली माणसं चहा पीत बसलेली. रोज. तो चहा तुम्हीच करत होतात, नीनाताई. तेव्हा कोणीतरी दार लावायला हवं होतं, देवदत्त. अठरा वर्षं मी बोलले नाही. आज हे दार उघडणार नाही."

कोणी हसलं नाही. नीनाताईंचा चेहरा उतरला. त्या पाहुण्यांकडे वळल्या. "चला, खाली पानं वाढलीयत."

देवदत्त तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "तू जेवून घे. मी बसतो इथे."

आणि बसला. त्याचा मॅनेजर घर बघायला वर आला, त्यालाही त्यानं जिन्यावरूनच परत पाठवलं.

पाचला शेवटची गाडी गेल्यावर मी दार उघडलं. वाळू वरून नीट थापून सपाट केलेली होती. पिकल वरच्या फांदीवर, पोट खपाटीला गेलेलं, डोळे उघडे. मी पानांवर पाणी फवारलं. ती थेंब थेंब पीत राहिली, आणि मी जमिनीवर बसून पोटभर रडले.

देवदत्त उंबऱ्यावरच थांबला होता.

"आत येऊ का?" त्यानं मला विचारलं.