लेखन : साडेपाच

"किती आले?" होमबहादुरनं दारातूनच विचारलं. ग्रीसनं माखलेले बूट काढायचंही त्याला भान नव्हतं.

मनकला मुळा चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

"ऐकणं सात. वाचन साडेसहा. बोलणं साडेसहा."

"आणि लेखन?"

"साडेपाच."

"परत?"

तिसऱ्यांदा. इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत किमान सहा हवे होते. तेवढे मिळाले की ऑस्ट्रेलियात कायम राहण्यासाठीच्या नवऱ्याच्या अर्जात बायकोच्या इंग्रजीचे पाच गुण पडणार होते. होम लॉन्सेस्टनमध्ये ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचा. कामाचा अनुभव, स्वतःचं इंग्रजी, मोठ्या शहरापासून लांब राहिल्याचे गुण, सगळं त्यानं मुंगीसारखं जमवलं होतं. घोडं अडलं होतं ते या पाचांपाशी. त्यात एकोणीस जानेवारीला त्याला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्या दिवशी वयाचे दहा गुण आपोआप गळणार होते. मग अर्जाला काही अर्थ उरला नसता. आत्ताच्या व्हिसाची मुदत पुढच्या वर्षी संपत होती.

"अर्ध्या गुणानं, मना," तो म्हणाला. "फक्त अर्ध्या."

"माहीत आहे मला."

नेपाळात पाल्प्याला ती नऊ वर्षं दुसरीच्या वर्गावर बाई होती. शेकडो पोरांचा हात हातात घेऊन तिनं अक्षरं गिरवून घेतली होती. इथं ती हॉटेलच्या खोल्या आवरायची आणि लिहिता येत नाही असा निकाल दर खेपेला हातात घ्यायची.

दसैं, म्हणजे नेपाळी दसरा, आला तेव्हा दोघं थोरल्या भावासारख्या केशरदाजूकडे टीका लावून घ्यायला गेली. केशर टॅक्सी चालवायचा. त्याला इथं कायम राहायचा परवाना मिळून चार वर्षं झाली होती, तेव्हापासून तो सगळ्यांचा सल्लागार. मटणाची ताटं वाढली जात होती, दहा-बारा माणसं जमली होती.

"होम, तुझं गणितच चुकलंय लेका!" केशर मोठ्यानं म्हणाला. "तू सडाफटिंग असतास ना, तर दहा गुण फुकट होते. सरकार म्हणतं, बायको नसेल तर दहा. इंग्रजीवाली असेल तर पाच. आणि आमच्या वहिनीसारखी असेल तर भोपळा!"

सगळे हसले. मनकलाही हसली. केशरची बायको चिउऱ्याच्या पोह्यांचं ताट घेऊन येता येता म्हणाली, "यांच्या तोंडाला धरबंध म्हणून नाही. तू नको गं मनावर घेऊस."

घरी परतताना गाडीत मनकलानं विचारलं, "दहाचं खरं आहे का हो?"

"आहे तसं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"यादीतच आहे ते. सगळ्यांना ठाऊक असतं."

कपाळावरचा तांदळाचा टीका वाळून ओढत होता. तिनं तो नखानं खरवडला. मग म्हणाली, "मी जाते ना परत. कागदावर वेगळं व्हायचं. तुमचं काम झालं, की मागाहून बघू."

त्यानं चिडावं म्हणून ती बोलली होती. हे तिलाही बोलून झाल्यावरच कळलं.

चौकात लाल दिवा होता. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. दिवा हिरवा झाला, तरी गाडी हलली नाही. होम काचेतून समोर बघत होता. मनकला त्याच्याकडे बघत होती. दिवा पुन्हा पिवळा झाला.

"खोटं पकडलं तर कायमचं बाद करतात," तो म्हणाला.

आपण काय बोललो ते पुढच्या वळणावर त्याच्या लक्षात आलं असावं. "आणि असं कोणी करतं का? वेडी कुठली!" म्हणून त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं हात काढून घेतला नाही.

चौथ्या परीक्षेसाठी नाव तिनं स्वतःच नोंदवलं. डिसेंबरचा पहिला आठवडा. त्यानंतर होम तिच्या मागेपुढेच असायचा. भांडी घासायचा, कपडे वाळत घालायचा, आणि दर अर्ध्या तासानं डोकावायचा. "किती शब्द झाले? चहा टाकू? पाठ दुखतेय का?" त्याचा जीव टांगणीला लागला होता, ते तिला दिसत होतं. एकदा तो म्हणाला, "मना, त्या दिवशी मी..." ती म्हणाली, "मोजू द्या मला. शब्द चुकतात." तो गेला.

परीक्षेत प्रश्न आला : शहरात मोटारींना बंदी असावी का? तुमचं मत लिहा. आधीच्या तिन्ही वेळा ती असल्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी गोड बोलून यायची, दोन्ही घरचं आमंत्रण असलेल्या पाहुणीसारखी. या वेळी तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं, असावी. मग दुसरीच्या वर्गाला दटावावं तशी ती लिहीत गेली, एकदाही न थांबता. कोणाला काय वाटेल हा विचारच तिला शिवला नाही.

निकाल गुरुवारी आला. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती एकटी चादर बदलत होती. तिनं फोन उघडला. लेखन सहा.

लगेच होमचा फोन वाजला. तिनं चादरीची एक कड गादीखाली खोचली, मग दुसरी. फोन थांबला, पुन्हा वाजला. तिनं उशांना खोळी घातल्या. पाचव्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"मना? आला का गं? आज येणार होता ना?" मागे गॅरेजमधली ठोकाठोक चालू होती. "ए, थांबवा रे जरा ते! मना? ऐकू येतंय का? बोल ना काहीतरी. नाही झालं का? हरकत नाही, आपण... मना?"

"येतंय ऐकू," ती म्हणाली. "सहा."

पलीकडे तो हुंदके देऊन रडायला लागला. "झालं आपलं, मना. आपलं झालं गं."

"हं. चार खोल्या राहिल्यात अजून. ठेवते."

खिडकीशी पाहुण्यांची खुर्ची होती. आवरणाऱ्या बायकांनी तिच्यात बसायचं नाही, असा नियम होता. मनकला बसली. खुर्ची चांगली मऊ होती. हात मांडीवर ठेवून, पाठ टेकून ती बराच वेळ तशीच बसून राहिली.